पाणी वाचवणाऱ्या सरांचं घर

लग्नानंतर जालन्याच्या घरात पहिल्यांदा अंघोळीला गेले, तेव्हा बादलीच्या आत एक लाल रेघ दिसली. ऑइलपेंटनं ओढलेली, निम्म्याच्या जरा खाली. मला वाटलं, रंगकामाच्या वेळी लागली असेल. मी वडीगोद्रीची. पाणी जपून वापरायची सवय आमच्याकडे पाळण्यापासून असते, टँकरमागे घागर घेऊन मीही पळालेली आहे. पण त्या दिवशी अंगाला हळद होती, केसांत अक्षता अडकल्या होत्या. मी बादली काठोकाठ भरली आणि नीट न्हाले.

बाहेर आले तर सासरे परसात केळीच्या आळ्याजवळ लाकडी स्टुलावर बसलेले. न्हाणीघराचा पाइप भिंतीतून थेट त्या आळ्यात सोडलेला होता.

"सूनबाई," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "आज केळीची चंगळ झाली."

मला ती थट्टा वाटली. मी हसले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. दुपारी भाजी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "त्या लाल रेघेच्या वर पाणी घ्यायचं न्हाई. ते तिथं बसून बघतेत."

"काय बघतात?"

"पाणी किती वेळ येतंय ते."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. पण सासऱ्यांना मामा म्हटलं तर ते ओ द्यायचे नाहीत. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांना साऱ्या कॉलनीनं सर म्हणायचं, बायकोनं सर म्हणायचं, आता सुनेनंही. मग मीही सर म्हणायला लागले. आत्यांना मात्र आत्याच म्हणायचे.

सरांचं घर बघायला लोक यायचे, आणि त्यात बघण्यासारखं होतं हे मी आधीच सांगून टाकते. पावसाळ्यात गच्चीवरचं सगळं पाणी पाइपानं बोअरजवळच्या खड्ड्यात उतरायचं. खड्ड्यात दगड, गोटे, वाळू असे थर होते. एप्रिलमध्ये शेजारच्या बोअरमधून नुसती हवा यायची तेव्हा आमच्या बोअरला पाणी असायचं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जायचं. भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा भोकं पाडलेल्या माठात साठायचा, त्याचं खत व्हायचं. दूध स्टीलच्या किटलीत, भाजी कापडी पिशवीत. जुन्या चादरींची पायपुसणी. भर उन्हात सोलर कुकरमध्ये वरण शिजायचं. यातलं एकही काम अवघड नव्हतं आणि एकही चुकीचं नव्हतं.

चिमण्यांसाठी गच्चीवर मातीच्या पसरट थाळ्या ठेवलेल्या असायच्या. मे महिन्यात सर दिवसातून दोनदा स्वतः जिना चढून त्यातलं पाणी बदलायचे. पाखरांना तापलेलं पाणी चालत नाही म्हणायचे.

पाखरांचं पाणी सोडलं तर बाकी सगळी कामं आत्यांची होती. सर विचार करायचे, आत्या करायच्या. धुण्याचं पाणी झाडांना जातं म्हणून साबणाची पावडर घरात बंद होती. कपडे रिठ्याच्या पाण्यात, भांडी राखेनं. वॉशिंग मशीन पाणी पितं म्हणून सगळ्या घरादाराचं धुणं हातानं. त्यांच्या हातांना भेगा पडलेल्या होत्या आणि त्या भेगांत राख बसलेली असायची, कितीही धुतले तरी निघत नसे. पोळी वाढताना त्या हात पदराआड घ्यायच्या. सर म्हणायचे, "लपवू नकोस गं. ते हात म्हणजे आपल्या घराचं सर्टिफिकेट आहे." आणि पाहुणे हसायचे.

पहिल्या उन्हाळ्यात एकदा मला पाळी आली होती. अंगाची नुसती काहिली होत होती. दुपारी सगळे पडलेले बघून मी अर्धी बादली घेऊन पुन्हा अंघोळ केली. संध्याकाळी नवऱ्याचा ऑफिसातला एक मित्र जेवायला आला होता. ताटं वाढली, आणि सर पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "दुपारी केळीला पुन्हा पाणी आलं. कोण न्हालं?"

मी आत पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं तसंच थांबलं. नवरा ताटातच बघत राहिला. तो बी-बियाणांच्या कंपनीत दिवसभर शेतकऱ्यांशी तावातावानं बोलायचा आणि घरात आला की मुका व्हायचा.

"कोण न्हालं?" सरांनी पुन्हा विचारलं. शाळेत खडू कुणी फेकला विचारावं तसं.

"म्या पाय धुतले," आत्या म्हणाल्या.

"पायांना इतकं पाणी? तुझे पाय काय हत्तीचे आहेत?"

मित्र हसला. त्याला वाटलं, म्हातारा-म्हातारीचं लाडाचं चाललंय.

दुसऱ्या दिवशी सरांनी आत्यांची बादली स्वतःच्या हातानं भरून दिली. रेघेच्या कितीतरी खाली. "कालचं आज वळतं करू," म्हणाले. आत्या ती बादली घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. परसात सर स्टुलावर बसून राहिले. मी खिडकीतून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं गणित बरोबर सुटावं तसं समाधान होतं.

दुपारी मी आत्यांना म्हटलं, "माझ्यासाठी तुम्ही का ऐकून घेतलं?"

"तुला नवं हाये," त्या म्हणाल्या. "मला काय, आंगवळणी पडलंय."

पुढं आत्यांच्या मनगटाची दुखणी सुरू झाली. चादर पिळता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, धुणं बंद करा. तेव्हा नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा वडिलांना न विचारता एक गोष्ट केली: ओळखीच्या माणसाकडून वापरलेली वॉशिंग मशीन आणली. टेम्पोतून उतरवताना तो सारखा ओसरीकडे बघत होता. सर ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "आण, आण," आणि पेपराचं पान उलटलं. आत्यांनी मशीनवर ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं फिरवलं. मला बोलावून कुठलं बटण काय करतं ते विचारून घेतलं. एक धुणं झालंही त्या मशीनवर. चादरी जवळजवळ कोरड्या निघाल्या, तर आत्या त्या गालाला लावून बघत होत्या.

दोन-तीन दिवसांनी अंबडला एक लग्न होतं. सर म्हणाले, तुम्ही जा, मला गर्दी सोसत नाही. संध्याकाळी आम्ही परत आलो. मशीन जागेवर नव्हती. आत्या न्हाणीघर, मागचं अंगण, सगळीकडे बघून आल्या. मग गच्चीवर गेल्या. त्या खाली येईनात म्हणून मी वर गेले.

मशीन गच्चीच्या मधोमध उभी होती, कॉलनीतली पोरं लावून वर चढवलेली. झाकण काढून टाकलेलं, वायर कापलेली. आतल्या ड्रममध्ये काठापर्यंत माती आणि कुजकं खत भरलेलं, आणि वर पुदिन्याच्या काड्या ओळीनं खोचलेल्या. शेजारी सर हात पुसत उभे होते.

"ड्रमला भोकं आयतीच आहेत," ते म्हणाले. "निचऱ्याला यापेक्षा चांगली कुंडी मिळणार नाही. रोज सकाळी तांब्याभर पाणी घाल हिला. जास्त नको."

 आत्या खाली गेल्या, लग्नातली साडी बदलली आणि तिथल्या तिथं ती धुवायला बसल्या. चांगली जरीची साडी होती, धुवायची गरज नव्हती. त्या दुखऱ्या हातांनी ती आपटत राहिल्या.

पुढं जे कुणी घर बघायला यायचं त्याला सर आधी गच्चीवर न्यायचे. "टाकाऊतून टिकाऊ," म्हणायचे, आणि आत्यांना हाक मारून पुदिन्याची चटणी आणायला सांगायचे. लोक चटणी खाऊन टाळ्या वाजवायचे. एका बाईंनी तर आत्यांना विचारलं, "ही कल्पना तुमची का हो?" सर म्हणाले, "छे! तिला तर मशीन धुण्यासाठीच असते असं वाटायचं."

सर पडले ते केळीजवळच. सकाळी स्टुलावर बसलेले होते, न्हाणीघरात मी होते. अंघोळ करून बाहेर आले तर ते आळ्यात आडवे, तोंड चिखलात, आणि पाइपातलं माझ्या अंघोळीचं पाणी त्यांच्या कानावरून वाहत होतं. अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता: "बंद."

डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूला मार बसतो तेव्हा एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. भूक लागली की बंद, दुखलं की बंद, हवं असलं की बंद, नको असलं तरी बंद. चेहऱ्याकडे बघून ओळखायचं. त्यांनी हेही सांगितलं की मोठ्यांचे डायपर वापरा, पाठीखाली हवेची गादी घाला, पंखा-कूलर चालू ठेवा, दिवसातून चार वेळा कूस बदला. नवऱ्यानं मान डोलावली. आत्याही डोलावत होत्या.

घरी आल्यावर आत्यांनी आपली जुनी सुती लुगडी काढली आणि टराटरा फाडून त्याच्या लंगोट्या केल्या.

"आत्या, डायपर आणू ना," मी म्हटलं.

"आपल्या घरात प्लास्टिक येत न्हाई."

"पण डॉक्टर…"

"सर काय म्हणायचे ते ठाऊक न्हाई का तुला? ते शेकडो वर्षं कुजत न्हाई." मग त्या सरांकडे वळल्या. "बराबर ना, सर?"

"बंद," सर म्हणाले. त्यांचा डावा हात माझ्याकडे आला होता. डायपर हवे होते त्यांना, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"बघ. बंदच म्हणून राह्यलेत."

पहिले काही दिवस मला वाटलं, आत्या सवयीनं करतायत. इतकी वर्षं जे अंगी बाणलं ते एकदम कसं सुटेल? मग उन्हाळा चढला. सरांची खाट पुढच्या खोलीत होती, वर पंखा. सकाळी अकराच्या पुढं त्या खोलीत बसवत नव्हतं. मी पंखा लावला की सर डोळे मिटून घ्यायचे, तोंडाचा वाकडा कोपरा सैल पडायचा. आत्या आतून यायच्या.

"सर, पंखा चालू ठेवू का बंद करू?"

सर घाबरून डोळे उघडायचे. ओठ जुळवायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. त्यांना माहीत असायचं तोंडातून काय निघणार ते. दात आवळून ते गप्प राहायचा प्रयत्न करायचे. आत्या पदरानं मान पुसत, घाई न करता, उभ्या राहायच्या.

"सांगा ना. चालू का बंद?"

"बंद," सर म्हणायचे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

आत्या बटण दाबायच्या. पंख्याची पाती सावकाश थांबायची. त्या आत जायच्या.

अंघोळ एका बादलीत, रेघेपर्यंत. ओल्या लंगोट्या दिवसातून दोनदाच बदलायच्या, कारण धुवायला पाणी लागतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई करतेय ना. तिला आवडणार नाही आपण मध्ये पडलेलं." आणि त्यानं ऑफिसातून उशिरा यायला सुरुवात केली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर एका शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या. त्यांना सर आजारी असल्याचं माहीत होतं, तरी घर दाखवाल का म्हणाल्या. आत्यांनी दाखवलं. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सरांची वाक्यं, सरांच्याच क्रमानं: पाण्याचा थेंब वाया घालवू नका, गरज आणि हाव यातला फरक ओळखा. शेवटी त्यांनी मुलांना पुढच्या खोलीत आणलं. पाऊस अजून आलेला नव्हता, हवा कोंदटलेली. सर घामानं निथळत पडले होते. खोलीला वास येत होता, पुढच्या मुली नाकाला रुमाल लावून मागं सरकल्या.

"सर अजून पंखा लावू देत न्हाईत," आत्या म्हणाल्या. "विचारा त्यांना."

एका मुलीनं विचारलं, "सर, पंखा लावू?"

"बंद! बंद! बंद!" सर ओरडले. डावा हात खाटेच्या लोखंडावर आपटत होते. रडत होते.

"बघा मुलांनो," त्या बाई भारावून म्हणाल्या, "याला म्हणतात निश्चय." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यांचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. त्या हसत नव्हत्या. आत्यांची बादली कमी भरून स्टुलावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर होतं तेच समाधान, तितकंच शांत.

त्याच आठवड्यात सरांच्या चादरीवर मुंग्यांची ओळ दिसली. कुठं चाललीय म्हणून बघितलं तर ती त्यांच्या कमरेखाली जात होती. मी लंगोटी सोडली. खाली हाताच्या तळव्याएवढी जखम होती. सुनेनं सासऱ्याला असं बघायचं नसतं. सरांनी डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं. मी तशीच मेडिकलमध्ये गेले. डायपर, मलम, कापूस, ड्रेसिंगच्या पट्ट्या घेतल्या, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणल्या आणि आल्या आल्या पंखा लावला.

आत्या आल्या. बटणाकडे हात नेला. मी त्यांचा हात धरला. तो भेगाळ, खरखरीत हात मी पहिल्यांदाच इतका घट्ट धरला होता.

"सोड," त्या म्हणाल्या.

"मुंग्या लागल्यात त्यांना, आत्या."

"मंग? राख टाक. राखेनं जातेत मुंग्या."

"तुम्ही हे मुद्दाम करताय."

"मी काय जास्तीचं करून राह्यले? सांग. एक तरी गोष्ट माझ्या मनाची हाये का यात? सगळी त्यांचीच हायेत. त्यांचं त्यांना देऊन राह्यले."

"मरतील ते."

"मी मेले का?" त्यांचा आवाज चढला नाही. "तुला पाळीत चोरून न्हावं लागलं, तर तू मेलीस का?"

 मी हात सोडला नाही. खाटेवर सर आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, कुणाच्या हातात आपण जाणार ते ओळखायला बघणाऱ्या जनावरासारखे. शेवटी आत्यांनी हात सैल सोडला.

"मंग तूच कर इथून पुढं," त्या म्हणाल्या. "समदं तूच कर."

दुसऱ्या दिवशी त्या टेंभुर्णीला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना एका पिशवीत चार साड्या घेतल्या, बाकी काही नाही. नवरा त्यांना सोडायला गेला, आणि परत आल्यावर निमूटपणे बापाची कूस बदलायला लागला. त्याला दुसरा मार्गच उरला नव्हता.

आजारानं माणूस सुधारतो असं म्हणतात. मला तसं काही दिसलं नाही. जखम भरत आली, अंगात थोडं बळ आलं, तसे सर पुन्हा सर झाले. अंग पुसायला मी दुसऱ्यांदा पाणी घेतलं की डाव्या हातानं पाण्याचा मग उडवून लावायचे. डायपरचं पुडकं दिसलं की थुंकायचे. ज्याच्यासाठी रडले होते, त्याच्यावरच थुंकायचे. एकदा माझ्या दंडाला त्यांनी असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. मी पंखा मात्र बंद केला नाही. ते "बंद, बंद" ओरडायचे, आणि खरंच बंद करा म्हणतात की चालूच ठेवा म्हणतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळीच्या आधी ते गेले. सकाळी चहा पाजताना गेले, कप माझ्या हातातच होता.

आत्या आल्या. तेराव्यापर्यंत राहिल्या, रडल्या नाहीत. तेराव्याला कॉलनीतल्या लोकांनी मंडपातच छोटी शोकसभा घेतली. एकामागून एक लोक बोलले: ऋषितुल्य माणूस, काळाच्या पुढचा माणूस, पुढच्या पिढ्यांसाठी जगलेला माणूस. मग कुणीतरी म्हणालं, वहिनींनी दोन शब्द बोलावेत. आत्या उठल्या. माइक कसा धरायचा ते त्यांना माहीत नव्हतं, तो त्यांनी पळीसारखा धरला.

"सरांनी पाणी लई वाचवलं," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

कुणाला तरी हुंदका आला.

संध्याकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. इथंच राहा म्हणून मी आग्रह केला होता, मनापासून केला होता. गच्चीचं पाणी बोअरला जातं ते जाऊ द्या, खताचे माठ राहू द्या, बाकी तुम्हाला पाहिजे तसं करू, असंही म्हटलं. त्या म्हणाल्या, "बघू. आत्ता न्हाई." टेंभुर्णीची गाडी लागली. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी होते. इतके महिने जे विचारायचं राहिलं होतं, ते मी तेव्हा विचारलं.

"आत्या, ते बंद म्हणायचे तेव्हा त्यांना काय म्हणायचं असायचं, ते तुम्हाला कळत होतं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जराही न चाचरता म्हणाल्या, "बराबर कळत होतं. इतका संसार केलाय त्यांच्यासंगं. मला न्हाई कळणार तर कुणाला कळंल?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळून फाटकाबाहेर गेली. मी रिक्षा करून घरी आले. मंडपवाल्याचा माणूस दारात उभा होता; सतरंज्या आणि खुर्च्या मोजून द्यायच्या राहिल्या होत्या. मी पदर खोचला आणि त्याच्याबरोबर मोजायला लागले.